तासगावचा सोनपाठी आणि बामणोलीचा सोनपाठी: जोडी नव्हे, दोन वेगळे सुतार पक्षी

तुम्ही दोन फोटो पाठवलेत. पहिला तासगावजवळच्या तुमच्या द्राक्षबागेच्या बांधावरचा, शेवग्याच्या खोडाला चिकटलेला सुतार. दुसरा बामणोलीच्या वाटेवरचा, जांभळाच्या वाळक्या फांदीवर बसलेला. दोघांची पाठ सोनेरी, दोघांच्या डोक्यावर लाल तुरा. पहिल्याच्या कपाळावर काळ्यात पांढरे ठिपके, दुसऱ्याचं डोकं कपाळापासूनच लालभडक. त्यावरून तुम्ही विचारलंत की पहिली मादी आणि दुसरा नर, म्हणजे ही एकाच जातीची जोडी ना? शिवाय घरामागच्या नारळाला सुतारानं भोक पाडलंय आणि वडील झाड तोडायला निघालेत, त्याचं काय करायचं, असाही प्रश्न आहे.

आधी पहिल्या प्रश्नाचं. नर-मादी तुम्ही बरोबर ओळखलीत, जात मात्र एक नाही. तासगावची ती सोनपाठी सुताराची मादी. बामणोलीचा तो मोठा सोनपाठी सुतार, नर. नावात दोन्हीकडे सोनपाठी असलं तरी मोठा सोनपाठी म्हणजे साध्या सोनपाठीचा वाढलेला भाऊ नव्हे. दोघांचे वंश वेगळे आहेत, त्याबद्दल पुढे सांगतो.

तुमचा गोंधळ झाला तो डोक्यामुळे. सुतारांच्या बऱ्याच जातींत नर-मादीतला फरक डोक्याच्या रंगात असतो हे खरं, पण प्रत्येक जातीची मादी तो आपापल्या पद्धतीनं दाखवते. सोनपाठीच्या मादीच्या डोक्यावर दोन रंग असतात. पुढचा भाग काळा, त्यावर बारीक पांढरे ठिपके, आणि मागचा तुरा लाल. मोठ्या सोनपाठीच्या मादीच्या डोक्यावर लाल रंग औषधालाही सापडत नाही. कपाळापासून तुऱ्याच्या टोकापर्यंत सगळं काळं आणि त्यावर ठळक पांढरे ठिपके. बामणोलीच्या त्या नराची खरी जोडीदारीण तुमच्या समोर आली असती, तर तुम्ही तिला बहुधा तिसरीच जात समजला असता. नर मात्र दोन्ही जातींत कपाळापासून लाल. म्हणून माझा आग्रह असतो की डोक्यावरून नर की मादी एवढंच ठरवावं. जात ठरवायला मान आणि तोंड बघावं.

मानच का, तर त्याला कारण सुताराचा स्वभाव आहे. माणूस दिसला की हा पक्षी सरळ उडून जाण्याआधी खोडाला अर्धी फेरी मारून पलीकडच्या बाजूला जातो. मग थोड्या वेळानं खोडाच्या कडेनं नुसतं डोकं बाहेर काढून बघतो की तुम्ही अजून उभे आहात का. त्या वेळी ना पाठ दिसत, ना शेपटी. दिसते ती चोच, डोळा, गाल, गळा आणि मानेची एक बाजू. पुस्तकातल्या चित्रात पक्षी पाठमोरा, स्वच्छ उन्हात चिकटवल्यासारखा बसलेला असतो. बांधावरच्या शेवग्यावर तो तसा बसत नाही. त्यामुळे ओळखीच्या खुणाही त्या डोकावणाऱ्या तोंडावरच्याच हाताशी पाहिजेत.

तुमचा पहिला फोटो मोठा करून बघा. चोचीखालचा गळा काळा आहे आणि त्यावर बारीक पांढऱ्या रेषा-ठिपके शिंपडलेत. डोळ्यातून मागे जाणारा एक काळा पट्टा आहे. गालावर मिशीसारखी रेघ नाही. मानेची मागची बाजू तुऱ्याखालून थेट पाठीपर्यंत काळी. डोळा गडद, लांबून तर काळ्या पट्ट्यात हरवून जातो. पंखाचा खांदा नीट बघा, सोनेरी रंग सुरू होण्याआधी तिथे काळ्यावर पांढरे ठिपके दिसतील. ही खांद्याची खूण फारसं कोणी बघत नाही. पण पक्षी बाजूनं बसला असेल आणि डोकं पानाआड गेलं असेल तेव्हा तीच कामाला येते.

आता दुसरा फोटो. गळा काळा नाही, पांढरा आहे आणि त्यावर काळ्या रेघा ओढल्यात. चोचीच्या मुळापासून निघून गालावरून मानेकडे जाणारी काळी मिशी दुहेरी आहे, दोन रेघांच्या मध्ये पांढरा लांबट कप्पा राहतो. मानेची मागची बाजू पांढरी, दोन्ही कडांना काळी किनार. आणि डोळा बघा, बुबुळ फिकट, पिवळसर पांढरं. त्या फिकट डोळ्यामुळे मोठ्या सोनपाठीच्या चेहऱ्यावर कायम कोणीतरी दचकवल्यासारखा भाव असतो. चोचही लांब आहे, जवळजवळ डोक्याच्या लांबीइतकी, सरळ आणि टोकाला पटाशीसारखी. साध्या सोनपाठीची चोच त्या मानानं आखूड.

कंबर मी मुद्दाम शेवटी ठेवली. कंबर म्हणजे शेपटीच्या अगदी वरचा भाग. सोनपाठीची ती काळी, मोठ्या सोनपाठीची लाल. पुस्तकं हीच खूण पहिली देतात, कारण ती निर्विवाद आहे. अडचण एवढीच की बसलेल्या पक्ष्याचे मिटलेले पंख ती झाकून टाकतात. ती नीट दिसते पक्षी तुमच्याकडे पाठ करून उडतो तेव्हा, म्हणजे तो निघून जाताना. कॅमेरा असेल तर अशा वेळी सलग शटर दाबून ठेवा. दहा फोटो वाया गेले तरी एका फोटोत कंबर सापडते आणि वाद मिटतो.

आकारावर मात्र विसंबू नका. सोनपाठी साधारण 26 ते 29 सेंटिमीटर आणि आपल्याकडचा मोठा सोनपाठी त्याहून थोडासाच मोठा, तीसच्या आसपास. दोघं एकाच फांदीवर बसले तर फरक कळेल, पण एकटा पक्षी वीस मीटर उंच ऐनाच्या झाडावर असेल तर 'मोठा वाटला' या वाक्याला काही किंमत नाही.

इथे एक तिसरा पक्षी मध्ये घुसतो. त्याच्याबद्दल सांगितलं नाही तर पुढच्या वेळी तुम्ही पुन्हा अडकाल. पांढऱ्या मानेचा सुतार. हा मोठ्या सोनपाठीचाच सख्खा, पण राहणारा कोरड्या, विरळ पानगळी जंगलात, म्हणजे जिथे साध्या सोनपाठीचंही राज्य असतं तिथे. याची मान मागून पांढरी आणि तो पांढरा रंग खाली पाठीच्या वरच्या भागापर्यंत उतरतो. मिशी दुहेरी. पण कंबर काळी! म्हणजे नुसती कंबर बघणारा त्याला सोनपाठी म्हणणार आणि नुसती मान बघणारा मोठा सोनपाठी म्हणणार. मादी मात्र सगळी कोडी सोडवून टाकते, कारण तिच्या डोक्यावर ना लाल ना काळं, स्वच्छ पिवळा तुरा असतो. हा पक्षी भारतीय उपखंडाबाहेर कुठेच नाही. कडेगाव-खानापूरच्या माळाकडे किंवा खटाव-माणच्या टेकड्यांवर सोनेरी पाठीचा सुतार दिसला, तर 'सोनपाठीच असणार' म्हणून दुर्बीण खाली ठेवू नका. एकदा पाठीचा वरचा भाग बघून घ्या.

मराठा सुतार या घोळात येत नाही. तो लहान, अंगावर काळ्या-पांढऱ्या ठिपक्यांची खडी, डोक्यावर पिवळट रंग, आणि पाठीवर सोनं अजिबात नाही. आपल्या मुलखाच्या नावाचा पक्षी म्हणून त्याच्यावर माझं जरा जास्त प्रेम आहे, पण त्याच्याबद्दल इथे एवढंच.

आवाजानं ओळखता येतं का, असं अनेकजण विचारतात. येतं, पण कानाला सवय हवी. सोनपाठीची हाक म्हणजे कर्कश, खिंकाळल्यासारखी 'की-की-की-की', पुष्कळदा उडताउडता दिलेली. खंड्याची हाक तुम्ही विहिरीवर ऐकली असेलच. नवख्याला या दोन हाका सारख्या वाटतात आणि सुतार समजून शोधावं तर तारेवर खंड्या बसलेला निघतो. मोठ्या सोनपाठीची हाक धातूवर धातू घासल्यासारखी, वरच्या पट्टीतली, एकसुरी आणि भरभर. कोयनेच्या खोऱ्यात पावसाआधी किडे किरकिरत असतात, तेव्हा त्या किरकिरीत ती मिसळून जाते आणि पक्षी डोक्यावर असून कळत नाही. चोचीनं खोडावर ताशा वाजवण्यातही फरक आहे. मोठा सोनपाठी दणक्यात आणि वारंवार वाजवतो, साधा सोनपाठी त्या मानानं कमी. हा ताशा खाण्यासाठी नसतो. हद्द सांगायला आणि जोडीदाराला बोलवायला असतो, म्हणून वाजवायला तो खणखणीत आवाज देणारी वाळकी फांदीच निवडतो. खाण्यासाठीची टकटक अनियमित असते. दोन टोले, थांबणं, मान तिरकी करणं, पुन्हा एक टोला.

आता राहण्याच्या जागा. इथे आपल्या सातारा-सांगली या दोन जिल्ह्यांची रचना फार कामाची आहे. महाबळेश्वरला वर्षाला साडेपाच-सहा हजार मिलिमीटर पाऊस पडतो आणि त्याच सातारा जिल्ह्यात पूर्वेला माण तालुक्यात जेमतेम पाचशे. सांगलीतही तेच. शिराळ्याच्या पश्चिमेला चांदोलीचं घनदाट रान आणि पूर्वेला जत-आटपाडीचा दुष्काळी माळ. पश्चिमेकडून पूर्वेकडे शंभर-सव्वाशे किलोमीटर गाडी चालवली की जंगलाचा पोतच बदलतो आणि त्याबरोबर सुतारही बदलतात.

साधा सोनपाठी या सगळ्या पट्ट्यात कुठेही भागवून घेतो. बांधावरची बाभूळ, कडुलिंब, चिंच, शाळेच्या आवारातली झाडं, रस्त्याकडेची वडाची रांग, नारळ, आंबराई, त्याला काहीही चालतं. सांगली-मिरजेसारख्या गजबजलेल्या शहरांतही जुन्या बंगल्यांच्या आवारात तो आरामात राहतो. मोठ्या सोनपाठीला मात्र मोठी झाडं लागतात, आणि नुसती मोठी नाही, म्हातारी. वरचे एक-दोन हात वाळलेले, आतून पोखरलेले, साल सुटलेली. असं रान कोयनेच्या आणि चांदोलीच्या जंगलात आहे. ही दोन्ही मिळून 2010 मध्ये सह्याद्री व्याघ्र प्रकल्प झाला. त्याबाहेर जावळी, पाटण, शिराळ्याच्या डोंगरातल्या देवरायांमध्येही अशी झाडं उरलीत. देवाच्या भीतीनं वाळकं लाकूडसुद्धा न तोडण्याची जुनी रीत सुताराच्या फार पथ्यावर पडली. जिथे वनीकरण करून एका वयाची, एका जातीची झाडं लावली, तिथे सोनपाठी येतो, मोठा सोनपाठी फिरकत नाही.

यावरून कोणी सोपा नियम काढेल की पूर्वेला सोनपाठी, पश्चिमेला मोठा सोनपाठी, विषय संपला. तसं करू नका. वाई, मेढा, पाटण, शिराळा हा मधला पट्टा दोघांचा आहे. घाटमाथ्यावरच्या गावात वस्तीलगतच्या आंब्यावर साधा सोनपाठी आणि शंभर पावलांवरच्या रानात मोठा सोनपाठी असं सहज घडतं. पांगारा आणि सावर फुलली की दोघंही एकाच झाडावर येऊ शकतात, कारण किड्यांबरोबर फुलांतला मधही सुतारांना आवडतो. बामणोलीत दिसला म्हणून तुमचा पक्षी मोठा सोनपाठी ठरला नाही. पांढरी मान, दुहेरी मिशी आणि फिकट डोळा यांवरून तो ठरला. गावाचं नाव फोटोखाली जरूर लिहा, पण पक्षी ठरवताना ते झाकून ठेवा.

मग हे दोघं इतके सारखे का दिसतात? मला हा सगळ्या विषयातला सर्वांत रसाळ भाग वाटतो. सोनपाठी डायनोपियम या वंशातला, मोठा सोनपाठी क्रायसोकोलॅप्टिस या वंशातला. जुन्या काळी पाठीचा रंग बघून दोघांना शेजारी बसवत. जनुकांचा अभ्यास सुरू झाला तेव्हा कळलं की मोठ्या सोनपाठीची जवळची भावकी अमेरिकेत आहे, कॅम्पेफिलस वंशातले ते प्रचंड काळे-पांढरे-लाल सुतार. अमेरिकेतला हस्तिदंती चोचीचा जो सुतार नामशेष झाल्याचं मानलं जातं, तोही त्यांच्यातलाच. साध्या सोनपाठीची भावकी मात्र आशियातल्या निराळ्याच गटात. म्हणजे बामणोलीचा तुमचा पक्षी तासगावच्या पक्ष्यापेक्षा अमेरिकेतल्या सुतारांना रक्तानं जवळचा. सोनेरी पाठ ही वारशानं आलेली ओळख नाही. दोन वेगळ्या गावच्या बँडपथकांनी एकाच शिंप्याकडून एकच गणवेश शिवून घ्यावा, तसला प्रकार आहे.

आणि हे एकदाच, योगायोगानं झालेलं नाही. श्रीलंकेत जा. तिथल्या दक्षिणेकडच्या सोनपाठीच्या भाईबंदाची पाठ सोनेरी नाही, लाल आहे. आणि तिथल्या मोठ्या सोनपाठीच्या भाईबंदाचीही पाठ किरमिजी लाल! एका बेटावर गेल्यावर दोन वेगळ्या वंशांनी मिळून रंग बदलला. मुख्य भूमीवर दोघं सोनेरी, बेटावर दोघं लाल. पिवळा आणि लाल हे दोन्ही रंग पिसांत कॅरोटिनॉइड द्रव्यांमुळे येतात आणि खाण्यातून मिळालेल्या पिवळ्या द्रव्याचं शरीरात लाल द्रव्य करता येतं, त्यामुळे हा बदल रसायनाच्या दृष्टीनं फार अवघड नाही. पण दोघांनी एकाच ठिकाणी तोच बदल का करावा? काही अभ्यासकांचं म्हणणं असं की, लहान, दुबळी जात मोठ्या, दांडग्या जातीसारखी दिसू लागली तर झाडावरच्या भांडणात तिचा फायदा होतो, दांडगा पक्षी तिला आपल्यातलाच समजून कमी हुसकावतो. म्हणजे इथे नक्कल करणारा साधा सोनपाठी. कल्पना देखणी आहे. आपल्या भागात ती मला पूर्णपणे पटत नाही, कारण माण-खटावात जिथे मोठा सोनपाठी नाहीच, तिथेही साध्या सोनपाठीचं बरं चाललेलं असतं. अर्थात पांढऱ्या मानेचा सुतार तिथे असू शकतो, हेही खरं. मुद्दा असा की ज्या रंगावरून आपण या पक्ष्यांना नाव देतो, नेमका तोच रंग त्यांच्याबद्दल सर्वांत कमी सांगतो.

नावांचा आणखी एक घोळ जुनी पुस्तकं वाचताना होईल. पूर्वी हिमालयापासून फिलिपिन्सपर्यंतचे सगळे मोठे सोनपाठी एकाच जातीत धरत. आता त्यांच्या बऱ्याच जाती केल्यात आणि पश्चिम घाटातल्या पक्ष्याला अनेक याद्या 'मलबार फ्लेमबॅक' म्हणून वेगळं नाव देतात. तुमचा दुसरा फोटो कोणी 'ग्रेटर फ्लेमबॅक' म्हटला आणि कोणी 'मलबार', तर भांडू नका, दोघं एकाच पक्ष्याबद्दल बोलतायत. साध्या सोनपाठीचं प्रकरण त्यापेक्षा सरळ. सजीवांना शास्त्रीय नावं देण्याची पद्धत घालून देणाऱ्या लिनिअसनं 1758 मध्येच त्याला नाव दिलं. त्याच्या उपजाती आहेत. नैऋत्य भारतातल्या, अंगावर जरा हिरवट झाक असलेल्या उपजातीला 1934 मध्ये पक्षितज्ज्ञ सालीम अलींच्या पत्नी तेहमिना यांचं नाव दिलं गेलं. सालीम अलींच्या सुरुवातीच्या भटकंतीत त्या बरोबरीनं राबल्या होत्या, त्यामुळे ते नाव मला योग्य वाटतं.

दोघांच्या खाण्यातला फरक चोचीत दिसतोच. लांब, सरळ चोचीचा मोठा सोनपाठी वाळक्या लाकडात खोल शिरतो, ढलप्या उडवतो, आतल्या भुंगेऱ्यांच्या अळ्या काढतो. साधा सोनपाठी सालीच्या फटीत जास्त रमतो. मुंग्या त्याच्या विशेष आवडीच्या. वारुळावर, कधी सरळ जमिनीवरही उतरतो आणि सुताराला जमिनीवर बघून लोक चक्रावतात. दोघांचीही जीभ लांब, चिकट आणि टोकाला काटेरी. जिभेला आधार देणारी हाडं-कूर्चा कवटीच्या मागून वळसा घेऊन पुढे कपाळापर्यंत येतात. शेपटीची मधली पिसं ताठ, खोडाला टेकायला तिसऱ्या पायासारखी. पिसं गळून नवी येताना ही मधली जोडी सर्वांत शेवटी गळते. बाकीची नवी पिसं आधी तयार असतात, म्हणून आधार सुटत नाही.

आता नारळाचं. वडिलांना आधी एवढं सांगा की सुतार निरोगी झाड मारत नाही. तो टोचे मारतो तिथे बहुतेकदा आधीच काहीतरी वळवळत असतं. तुमच्या शेवग्यावर तो मादी पक्षी ज्या जागी बसलाय, तिथे फोटोतच सालीवर भुश्याची आणि विष्ठेची जाळीदार वळकटी दिसते. ते साल खाणाऱ्या अळीचं काम आहे आणि पक्षी तुमची मजुरी वाचवतोय.

नारळाच्या भोकाबाबत मात्र दोन शक्यता वेगळ्या करा. भोक गोल, कडा स्वच्छ, मूठ आत जाईल एवढं आणि खोडाला आडवं शिरून आत खाली वळलेलं असेल, तर ती सुताराची ढोली. सोनपाठीचा विणीचा काळ साधारण फेब्रुवारी ते जुलै. आत तीनेक चकचकीत पांढरी अंडी असतात, अकरा-बारा दिवसांत पिल्लं बाहेर येतात आणि साधारण तीन आठवड्यांत उडतात. मोठा सोनपाठी एखाद-दोनच अंडी घालतो, पण तो तुमच्या परड्यात यायचा नाही. दुसरी शक्यता अशी की भोकं लहान आहेत, त्यांतून तांबूस चिकट रस ओघळतोय, चावून टाकलेला काथ्यासारखा भुसा बाहेर आलाय आणि मधली पानं मलूल झालीत. तसं असेल तर तो सोंड्या भुंगा. झाडाला खरा धोका तोच आहे आणि त्याचा बंदोबस्त लगेच करायला हवा, कृषी सहायकाला झाड दाखवा. पानं मध्येच त्रिकोणी कात्रीनं कापल्यासारखी असतील तर गेंड्या भुंगा. त्याच्या अळ्या शेणखताच्या खड्ड्यात वाढतात, तेव्हा खड्डा उकरून बघा. सुताराला दोष देऊन झाड पाडलं, तर भुंगा शेजारच्या नारळावर जातो, एवढंच होतं.

वडिलांचं एक म्हणणं मात्र बरोबर आहे. आंबा-कडुलिंबाच्या खोडाची जखम झाड हळूहळू भरून काढतं, नारळाची जखम भरत नाही. त्याच्या खोडात सालीखाली नवं लाकूड तयार करणारा थरच नसतो, त्यामुळे ढोलीचं भोक कायम राहतं. पण एका ढोलीनं झाड वाळत नाही. खोड त्या जागी किती पोकळ झालंय आणि झाड घराच्या बाजूला झुकलंय का, एवढं तपासा. घरावर पडायची भीती असेल तर शेंडा उतरवा. तसं नसेल तर राहू द्या. सुतारानं सोडलेल्या ढोलीत पुढच्या वर्षी पोपट, साळुंकी, दयाळ किंवा पिंगळा यांपैकी कोणीतरी येईलच. पिंगळा आला तर बागेतले उंदीर कमी होतील, हेही वडिलांच्या कानावर घाला. शिवाय सुतार 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्याखाली येतात. विणीच्या हंगामात पिल्लांसकट ढोली पाडणं हा गुन्हा आहे.

पुढचे फोटो काढताना दोन गोष्टी करा. ढोलीसमोर उभं राहून काढू नका, बाजूला जाऊन निदान वीस पावलं लांब बसा. नर-मादी पाळीपाळीनं ढोलीत येतात. तुम्ही समोर असाल तर आलेला पक्षी शेजारच्या झाडावर ताटकळतो आणि आतल्या पिल्लांना उपास घडतो. मोबाइलवर त्यांची हाक वाजवून बोलवू तर मुळीच नका. आणि नारळावरचा पक्षी ढोलीतून डोकं काढेल तेव्हा गळ्याचा एक फोटो घ्या. काळ्यावर पांढरे ठिपके दिसले तर शेवग्यावरचीच मादी किंवा तिचा जोडीदार असेल. जुलै संपेपर्यंत कुऱ्हाड घरातच राहू द्या.